बस्सीच्या कक्षेत जयंतीकाकू

मित्रांनो, मी जुना आहे हे आधीच सांगून टाकतो, कारण मी सुरू होईपर्यंत तुमच्या ते लक्षात येणारच आहे. मी एक संगणक आहे. हल्लीच्या मांडीवर बसणाऱ्या सडपातळ जातीतला नव्हे. पत्र्याच्या पेटीतला, टेबलाखाली ठाण मांडून बसणारा.

माझा जन्म जयपूरमधल्या एका दुकानाच्या पोटमाळ्यावर झाला. एकाची पेटी, दुसऱ्याचा पंखा आणि तिसऱ्याची स्मरणशक्ती असा मी जमवलेला आहे, त्यामुळे घराण्याविषयी मी फारसं बोलत नाही. पहिली नोकरी एका विमा कचेरीत लागली. पहिल्या दिवशी माझ्या कपाळावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, गळ्यात झेंडूचा हार घातला आणि साहेबांनी भाषणात मला ‘या शाखेचं भविष्य’ म्हटलं. हाराच्या पाकळ्या पंख्यात गेल्या, ती माझी पहिली दुखापत. भविष्याचा उपयोग जेवणानंतर पत्ते खेळण्यासाठी होत असे. पुढे कचेरीत नवं भविष्य आलं आणि मी कपाटामागे गेलो. तिथे एका पालीने माझ्यात संसार थाटला होता. तिला सोडून मला ज्यांनी घरी आणलं ते उमाकांत.

उमाकांत त्याच कचेरीतले अधिकारी. मूळचे परभणीचे, बदल्या होत होत जयपूरला आले आणि विद्याधर नगरात स्थिरावले. स्वभावाने सरळ. पान नाही, तंबाखू नाही. एकच व्यसन, लिहिण्याचं. कचेरीत कुणाची बदली झाली, कुणी निवृत्त झालं, की निरोपाचं भाषण उमाकांतांनी लिहायचं हे ठरलेलं. बदल्यांवर जगणाऱ्या लोकांत निरोप समारंभ हा मोठा सण असतो. शाल, नारळ, सामोसा आणि भाषण. त्या भाषणात खरं बोलायची पद्धत नाही. फायली दाबून ठेवणारा माणूस त्यात ‘शांतपणे विचार करणारा’ होतो आणि हाताखालच्यांवर ओरडणारा ‘शिस्तप्रिय’. उमाकांतांचा त्यात हातखंडा होता. सांगून ठेवतो, पुढचं सगळं त्यातूनच झालं.

माझ्यात खेळ आला तो त्यांच्या मुलीसाठी, मितालीसाठी. संगणक कंपनीत काम करणारा अमेय नावाचा एक तरुण भाकरी खायला घरी यायचा, त्याने तो घातला. अंतराळातला डावपेचांचा खेळ. ग्रह वसवायचे, आरमार बांधायचं, शेजाऱ्यांशी तह करायचे आणि मोडायचे. एक डाव महिनोन्महिने चालतो. एक चाल आपली, मग उरलेल्या विश्वाची. विश्व विचार करत असताना पडद्यावर छोटं चक्र फिरतं. खरं तर विचार मी करतो, पण श्रेय विश्वाला जातं.

मिताली खेळायची आणि उमाकांत चहाचा कप घेऊन मागे उभे राहायचे.

“हे कोण गं?”

“दुश्मन आहेत, बाबा.”

“नाव काय त्यांचं? का भांडतायत?”

“नाव-बिव नसतं. मतलब, करड्या रंगाचे आहेत, बस.”

नाव नसलेला माणूस उमाकांतांना सहन होत नाही. त्यांनी करड्यांचा इतिहास लिहिला. मग आपल्या बाजूचा लिहिला. दर आठवड्याला मिताली जे खेळेल त्याची हकिगत ते माझ्याच कीबोर्डवर लिहू लागले आणि महाराष्ट्र मंडळाच्या ग्रुपवर टाकू लागले. लोक त्याला ‘मोहीम’ म्हणायचे. राजधानीचा ग्रह विद्याधर नगर, कारण घर तिथे होतं. खाणींचा ग्रह चौमूं. आणि बस्सी हा बर्फाचा ग्रह. मे महिन्याच्या उन्हात जयपूरहून आग्रा रोडने बस्सी गावाला जाऊन आलेल्या माणसालाच असली कल्पना सुचते.

मंडळातल्या मुलांना देवनागरी येते ती शाळेतल्या हिंदीमुळे. मराठी वाच म्हटलं की त्यांचं पोट दुखतं. पण मोहिमेत आपल्या नावाचं जहाज आहे असं कळलं की पोटदुखी थांबायची. मग मोठ्यांनाही जहाजं हवी झाली. बँकेतल्या नागनाथांच्या नावाचं रसदजहाज खेळात दर वेळी एक चाल उशिरा पोचायचं. नागनाथ म्हणायचे, ही बदनामी आहे. त्यांच्या पत्नी म्हणायच्या, हे चरित्र आहे. टपाल खात्यातले शेषराव तर पहिल्याच लढाईत जहाजासकट फुटले. ते मंडळात उमाकांतांकडे पाठ करून बसायला लागले.

“निदान जखमी करायचंस,” एकदा ते भिंतीकडे बघून म्हणाले.

“शेषराव, मी नाही मारलं. खेळात झालं. खेळात होतं तेच मी लिहितो.”

ही उमाकांतांची पत होती. आणि ती मितालीच्या नियमांवर उभी होती. माऊस तिचा, कीबोर्ड त्यांचा. डाव एकच साठवायचा. हरलो म्हणून मागे जाऊन पुन्हा खेळायचं नाही. आणि आधी खेळ, मग लिहिणं. नववीतली मुलगी बापाशी साधारण दोनच शब्द बोलते, ‘हो’ आणि ‘नंतर’. या घरात मात्र रविवारी दोन खुर्च्या माझ्यासमोर शेजारी शेजारी लागायच्या आणि तिथे ग्रहांवरून कडाक्याचं भांडण व्हायचं. सुधाताई, म्हणजे मितालीची आई, आतून म्हणायच्या, “हळू जरा, शेजाऱ्यांना वाटेल इस्टेटीचा वाद आहे.” पण त्यांच्या आवाजात समाधान असायचं.

आता जयंतीकाकू. काकू सोलापूरच्या. यजमान केंद्र सरकारच्या नोकरीत होते. ते गेल्यावरही काकू जयपुरातच राहिल्या. बदलून आलेल्या प्रत्येक मराठी बाईला ज्वारीचं पीठ कुठे चांगलं मिळतं आणि कुठल्या दूधवाल्याला फटकारावं लागतं, हे काकूंनी शिकवलेलं. त्यांनी जहाज मागितलं नाही. “मी काय रसद वाहू? मला सेनापती कर,” म्हणाल्या. ते सांगणं होतं, विनंती नव्हती. उमाकांतांनी त्यांना आरमारप्रमुख केलं आणि ध्वजनौकेला ‘जयंती’ नाव दिलं.

तेव्हापासून काकू दर भागानंतर फोन करायच्या. “काल माझ्या तोंडी ‘कृपया’ घातलंस. मी करड्यांना कृपया म्हणेन?”

उन्हाळा लागला तेव्हा मोहीम बस्सीवर अडकली होती. बस्सीभोवती करड्यांचा वेढा, खाली बर्फात वसाहतीतले लोक, आणि त्यांच्यामध्ये काकूंचं आरमार. तेवढ्यात खऱ्या काकूंचं ठरलं. गुडघे चालेनात, म्हणून त्या मुलीकडे, कीर्तीकडे, सोलापूरला निघाल्या, कायमच्या. रविवारी संध्याकाळची गाडी. शनिवारी मंडळाने निरोप समारंभ ठेवला. भाषण अर्थातच उमाकांतांकडे.

उमाकांतांनी ठरवलं, काकूंना शाल सगळेच देतील, आपण विजय द्यावा.

त्यांनी शुक्रवारी मोहिमेचा नवा भाग लिहिला. सेनापती जयंतीने करड्यांचा वेढा फोडला, बस्सी सोडवली, विश्वात जयजयकार झाला. एवढीच अडचण होती की ती लढाई अजून झालेली नव्हती. मितालीची क्लासची परीक्षा चालू होती, खेळ रविवारी होणार होता. ते लिहिताना मला त्यांची बोटं कळतात. त्या दिवशी ती जरा जास्त भराभर चालत होती. एका दिवसाचा तर प्रश्न, असं ते मनाशी म्हणत असावेत, मिताली जिंकतेच. शनिवारी तो भाग त्यांनी मंडळात वाचला, टाळ्या झाल्या, काकूंनी डोळे पुसले. मिताली परीक्षेला गेली होती.

रविवारी काकू जेवायला आल्या. सामान दाराशी ठेवलं: दोन बॅगा, एक वळकटी आणि दोरीने बांधलेला मिक्सरचा खोका. बाहेर ऊन असं की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. खिडकीतला कूलर खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, वासाची वाफ फेकत होता. माझी तब्येत बरी नव्हती. त्याच आठवड्यात मी दोनदा तापून आपोआप बंद पडलो होतो, म्हणून माझी एक बाजू उघडी ठेवून समोर टेबलफॅन लावला होता. म्हातारपणी उघड्या पोटाने बैठकीत बसायची वेळ यावी, पण तक्रार नाही.

जेवणाची पानं बैठकीतच मांडली होती. आमरस वाढला जात असताना काकू म्हणाल्या, “काय लिहिलंय काल उमाकांतने! करड्यांची नऊच्या नऊ जहाजं, सुधा, एकेक करून. अंगावर काटा आला.”

मितालीचा घास हातातच राहिला.

“कुठली लढाई, काकू?”

“अगं, बस्सीची. तूच खेळलीस ना?”

मितालीने वडिलांकडे बघितलं. उमाकांत वाटीत असे बघत होते की जणू रसात काही पडलंय.

“जेवण झालं की मला दाखवाच,” काकू म्हणाल्या. “स्वतःच्या डोळ्यांनी बघून जाते. कीर्तीला सांगायला बरं.”

मला सुरू करण्याच्या निमित्ताने बापलेक माझ्यापाशी आले. काकू आत हात धुवायला गेल्या होत्या. मी गुरगुरत जागा होत होतो, पण कान माझे तयार होते.

“बाबा, तुम्ही पहलेच लिहून टाकलं?”

“अगं, निरोप होता. काकू पुन्हा येणार आहेत का?”

“शेषरावकाकांना काय सांगितलं होतं? खेळात झालं. मतलब, ते मेले तर खेळ, आणि काकूंच्या वेळी निरोप?”

“तू जिंकणारच आहेस ना पण?”

“कैसे? आपली पाच जहाजं, त्यांची नऊ. ईंधन संपलंय. नागनाथकाका अजून पोचले नाहीत.”

“हे आधी सांगायचंस.”

“तुम्ही आधी विचारायचं होतं ना!”

मग मिताली खालच्या आवाजात बोलली, आणि मुलगी ओरडत नाही तेव्हा बापाला जास्त भीती वाटते हे मला त्या दिवशी समजलं.

“मी एकदाच खेळणार. जे होईल ते तुम्ही लिहायचं. सच. नाही लिहिलं, तर माऊसपण तुमचा. मी परत नाही बसणार तुमच्याबरोबर.”

“लिहीन.”

“काकूंना सांगाल?”

उत्तर द्यायच्या आत काकू गुडघा धरत आल्या आणि उमाकांतांच्या खुर्चीवर बसल्या. उमाकांतांना माझ्याशेजारचं बुटकं स्टूल मिळालं. ते बसले तेव्हा त्यांचा गुडघा माझ्या पत्र्याला लागला. माझं बटण त्यांच्या हातापासून वीतभरच लांब होतं.

डाव उघडला. पडद्यावर बस्सी आली, पांढरीशुभ्र, तिच्याभोवती करडे ठिपके. काकू लग्नाची कॅसेट बघायला बसावं तशा ऐसपैस बसल्या होत्या. काय होणार हे त्यांना माहीत होतं. हातात बडीशेप होती.

मितालीने पहिली चाल केली. पाचही जहाजं तिने बस्सीच्या छोट्या चंद्राच्या सावलीत नेली. चक्र फिरलं. करडे जवळ आले, पण चंद्रामुळे त्यांना नेम साधेना.

“हुशार आहे मी,” काकू म्हणाल्या.

दुसऱ्या चालीत करड्यांनी दोन बाजूंनी घेरलं. आपलं एक जहाज गेलं, त्यांची दोन गेली. सुधाताई आतून येऊन दाराला टेकून उभ्या राहिल्या. त्यांनी नवऱ्याचा चेहरा एकदाच बघितला आणि त्यांना बहुधा सगळं कळलं.

तिसऱ्या चालीत आपली आणखी दोन जहाजं गेली.

“नागनाथ कुठे आहे?” काकूंनी विचारलं.

“एक चाल लांब.”

“असणारच. आणि इथून जिंकले मी? कमालच आहे बाई.”

उमाकांत हसले. तो आवाज मी पूर्वी एकदा ऐकला होता, माझ्या बंद पडणाऱ्या हार्डडिस्कमधून.

पडद्यावर आता दोनच जहाजं होती, ‘जयंती’ आणि एक छोटं. खाली बस्सीवर वसाहतीतले लोक जहाजांत चढत होते. अजून एक चाल आडोसा मिळाला, तर ती जहाजं निघून जाणार होती. ध्वजनौकेत एका उडीपुरतं इंधन होतं. मितालीचा माऊस थांबला.

उमाकांत पुढे झुकले. “मिताली, ‘जयंती’ला मागे घे. चौमूंपर्यंत पोचेल ती.”

“मग लोकांची जहाजं उघडी पडतील.”

“पडू देत.”

ही तीच वसाहत होती मित्रांनो, जिच्यातल्या लोकांना त्यांनी स्वतः नावं दिली होती, एकाला दमा दिला होता, एका म्हातारीला बर्फात कोथिंबीर लावायला लावली होती. ‘पडू देत’ म्हणताना त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू आला नसावा.

“पडू देत?” काकू त्यांच्याकडे वळल्या. “मी असं म्हटलं होतं काल? माणसं टाकून मी पळते होय रे?”

“नाही, काकू. म्हणजे...”

“मग गप्प बस. बघू दे.”

मितालीने खुर्ची काकूंकडे वळवली. “काकू, थांबू? की निघू?”

“अगं, होऊन गेलेलं आहे ना ते? मला काय विचारतेस?”

“तरी सांगा ना.”

काकूंनी पडद्याकडे बघितलं. मग का कोण जाणे, दाराशी ठेवलेल्या आपल्या बॅगांकडे बघितलं. आणि पुन्हा पडद्याकडे.

“थांब,” त्या म्हणाल्या.

मितालीने ‘जयंती’ चंद्राच्या सावलीतून बाहेर काढली, करडे आणि बस्सी यांच्या बरोबर मधोमध नेली आणि चाल सोडली.

आता विश्वाची पाळी, म्हणजे माझी. मी हिशेब करू लागलो. सात करडी जहाजं, त्यांच्या तोफा, ‘जयंती’चं कवच, बर्फ, अंतर. मी इतका तापलो होतो की माझाच पंखा मला आवरत नव्हता. टेबलफॅनचा वारा म्हणजे भट्टीवर फुंकर. मित्रांनो, मला कुणाची बाजू घेता येत नाही. काकूंच्या आवाजावर माझा जीव आहे, तरी आकडे जे म्हणतील तेच मी करणार. पडद्यावर प्रकाश झाला, आणखी एक झाला. बस्सीवरून लोकांची जहाजं उठली, एकामागून एक दिसेनाशी झाली. शेवटचं गेलं आणि पाठोपाठ ‘जयंती’ पांढरी झाली, आणि मग तिथे काही नव्हतं.

खेळ इंग्रजीत बोलतो. ध्वजनौका नष्ट, असं त्याने लिहिलं.

खाली छोटं चक्र फिरू लागलं. झालं ते मी साठवत होतो. त्या चक्राला माझ्या वयात बराच वेळ लागतो, आणि ते थांबेपर्यंत झालेलं पक्कं होत नाही. मध्येच मी बंद पडलो तर डाव मागच्या चालीवर जातो. दुपारची वेळ, असलं ऊन, त्या आठवड्यातली माझी ख्याती. कुणालाही नवल वाटलं नसतं. सगळे म्हणाले असते, मेला हा डबा. नंतर सावकाश पुन्हा खेळता आलं असतं, माघार घेता आली असती, काहीही करता आलं असतं. काकू जिंकलेल्याच सोलापूरला गेल्या असत्या.

उमाकांतांचा हात स्टुलावरून खाली आला. त्यांचं बोट माझ्या बटणावर टेकलं.

काकू पडद्याकडे बघत होत्या. सुधाताई दारात होत्या. कुणाला दिसलं नाही. फक्त मितालीला दिसलं. तिने वडिलांचा हात धरला नाही. तिने माऊसवरचा आपला हात काढला, मांडीवर ठेवला आणि वाट बघत राहिली.

बोट घामाने ओलं होतं. थोडा जोर आला. चक्र फिरतच होतं.

“हे काय?” काकू म्हणाल्या. बडीशेपेचा हात तसाच. “उमाकांत, अरे, मी गेले का?”

बोट तसंच होतं. मी श्वास धरून होतो. म्हणजे पंखा चालू होता, पण मनातून.

“हो, काकू,” उमाकांत म्हणाले. “गेलात.”

आणि हात वर घेतला. चक्र आणखी थोडं फिरलं आणि थांबलं. आता ते माझ्यात कायमचं होतं.

मग त्यांनी सांगितलं. लढाई आज झाली, काल झालीच नव्हती, काल वाचलं ते आधीच लिहिलेलं होतं. सांगताना ते माझ्याकडे बघत होते, त्यामुळे सगळं मलाच ऐकावं लागलं. काकूंनी मध्ये एकदाही अडवलं नाही. काकूंनी मध्ये अडवलं नाही, ही घटना मंडळात कुणी खरी मानणार नाही.

“म्हणजे मी काल टाळ्या फुकट घेतल्या,” त्या शेवटी म्हणाल्या.

“चूक माझी आहे, काकू.”

“अरे, निरोपात सगळे खोटंच बोलतात. नागनाथ माइकवर म्हणाला, मी मृदुभाषी आहे. ऐकून घेतलं. अमुक म्हणाला, तमकी म्हणाली, सगळं ऐकलं, नारळ घेतला. म्हटलं, उमाकांतचं तेवढं खरं असतं.”

त्या यापेक्षा ओरडल्या असत्या तर उमाकांतांना बरं वाटलं असतं. ते मान खाली घालून बसले. मिताली त्यांच्याकडे बघत होती. तिचा राग अजून तिथेच होता, पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं होतं.

“लोक सुटले का?” काकूंनी विचारलं.

“सगळे,” मिताली म्हणाली. “एकपण नाही राहिला.”

“मग लिही तसं. गाडीला वेळ आहे अजून. मला माझं मरण ऐकूनच जायचंय. आणि मला मारायचं असेल तर नीट मार.”

उमाकांत स्टूल सरकवून टेबलासमोर आले. कीबोर्ड पुढे ओढला. हात सरावाचे, ते निघाले आपल्या वाटेने: ‘अनंत विश्वाच्या निःशब्द पोकळीत, कर्तव्याच्या तेजाने उजळलेली ती थोर माउली...’

“हे मंडळातलं भाषण आहे,” काकू म्हणाल्या. “खोड.”

त्यांनी खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं. त्यात सेनापती जयंती मरताना पानभर बोलली.

“जहाज फुटतंय आणि मी एवढी बोलतेय? खोड.”

“काकू, तुम्ही बोलला असतात,” सुधाताई दारातून म्हणाल्या.

“बोलले असते. पण करड्यांनी ऐकून घेतलं असतं का?”

उमाकांतांची बोटं थांबली. माझ्यावर त्यांनी कितीतरी लढाया लिहिल्या, पण असं थांबलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मग मिताली बोलू लागली. मराठीत लांब वाक्य बोलायचं ती टाळते, अडखळते म्हणून. तरी बोलली.

“जयंती मध्ये आली. मतलब, लोकांची जहाजं आणि करडे यांच्या बीचमध्ये. तिच्याकडे जाण्याइतकं तेल होतं. ती हलली नाही. आखरीचं जहाज गेलं, तोपर्यंत नाही हलली.”

उमाकांतांनी लिहिलं, ‘तिच्याकडे जाण्याइतकं तेल होतं. ती हलली नाही.’ तेल खोडून इंधन करायचा मोह त्यांच्या बोटांत आला, मला कळला. त्यांनी तेल राहू दिलं.

भाग छोटाच झाला. वर पहिली ओळ त्यांनी घातली: ‘काल मी वाचलेला भाग खोटा होता. लढाई तेव्हा झालीच नव्हती. आज झाली, ती अशी.’ सगळा भाग त्यांनी काकूंना मोठ्याने वाचून दाखवला. काकूंनी ऐकला, बडीशेप तोंडात टाकली.

“आता टाक,” म्हणाल्या.

भाग ग्रुपवर गेला. उमाकांत पडद्यासमोरून हलले नाहीत. जी माणसं काल टाळ्या वाजवून गेली होती ती आता तो वाचत होती, हे त्यांना आणि मला दोघांनाही कळत होतं. पहिलं उत्तर आलं ते शेषरावांचं. ‘या काकू. इकडे शांत असतं.’ काकू इतक्या हसल्या की गुडघा दुखला. मग नागनाथांनी लिहिलं की रसदजहाजाच्या उशिराची चौकशी व्हावी, यात आपला दोष नाही. मग एका मुलाने विचारलं, त्या कोथिंबीरवाल्या आजी सुटल्या का? आणि कुणीतरी, नाव नाही सांगत, लिहिलं की आता मोहिमेवर विश्वास ठेवायचा की नाही ते बघावं लागेल. उमाकांतांनी ते दोनदा वाचलं.

रिक्षा आली. उमाकांतांनी बॅगा उचलल्या, सुधाताईंनी खोका घेतला. काकू उठताना माझ्या डोक्यावर हात टेकून उठल्या. मी गरम होतो, त्यांना चटका बसला असेल.

“बस्सी आता त्यांची?” त्यांनी मितालीला विचारलं.

“अभी तो त्यांचीच.”

“राहू दे. गारठतील मेले.”

काकूंना स्टेशनवर सोडून उमाकांत परत आले तेव्हा ऊन उतरलं होतं. मिताली माझ्यासमोरच बसली होती. माऊसला तिने हात लावलेला नव्हता. उमाकांत उंबऱ्यात थांबले. आत यावं की नाही, हे ते मुलीला विचारत होते, न बोलता.

“ग्रुपवर तो माणूस म्हणतो, विश्वास नाही,” ती म्हणाली.

“बरोबर आहे त्याचं.”

“तर मग पुढचा भाग नीट लिहायला लागेल.”

“तू खेळशील?”

तिने शेजारची खुर्ची पायाने थोडी बाहेर सरकवली. तेवढंच. उमाकांत येऊन बसले, हात कीबोर्डपासून चांगले लांब ठेवून.

मित्रांनो, एवढं बोललो, आता माझं मागणं ऐका. माझ्यासारखा एखादा म्हातारा तुमच्या घरात असेल तर त्याला उन्हात ठेवू नका, त्याच्या तारा ओढू नका, त्याच्यावर चहा सांडू नका, हे तुम्हाला कुणीही सांगेल. मी दुसरं सांगतो. तुम्ही हरत असाल तेव्हा मला बंद करू नका. जिंकलेलं तुम्ही चार लोकांना सांगताच, ते जपायला माझी गरज नसते. हरलेलं मात्र कुठेतरी नीट राहायला लागतं, म्हणजे तिथून पुढची चाल करता येते. ते चक्र फिरतंय तोवर थोडा धीर धरा. माझ्या वयात त्याला वेळ लागतो.